उसाचा केवडा, टॉनिक वॉटर आणि पानात बसणारा नॅनोसेन्सर

मामाच्या उसाच्या खोडव्यात दोन वर्षांमागे केवडा पडला होता. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, मग हळूहळू पार पांढरट. (बाजरीत ज्याला केवडा म्हणतात तो वेगळा, तो बुरशीचा, हा उसातला लोह कमी पडल्याचा, नाव एकच असल्याने गोंधळ होतो.) मामाने चार-पाच पानं तोडून तपासायला पाठवली, रिपोर्ट आला तर त्यात लोह व्यवस्थित, कमतरता नाहीच. मामाने रिपोर्ट आणि पान दोन्ही माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "तू केमिस्ट्री शिकलीस ना, मग सांग आता, पान खोटं बोलतंय का कागद?"

दोघंही खरं बोलत होते. ते कसं हे एकदा कळलं की चमकणारे नॅनोसेन्सर बनवायचा एवढा खटाटोप जगभर कशासाठी चाललाय तेही कळतं, म्हणून मी तिथूनच सुरू करते.

लोह मातीत आणि झाडात मुख्यतः दोन रूपांत असतं, फेरस आणि फेरिक. फेरसच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात, फेरिकने तीन. फरक एकाच इलेक्ट्रॉनचा पण झाडाच्या दृष्टीने तो फार मोठा. फेरस विरघळतं, फिरतं, कामाला येतं. फेरिक म्हणजे गंजाचा भाऊ, जिथे आहे तिथे चिकटून बसतं. आपली काळी माती बसाल्टच्या दगडातून झालीय आणि त्या दगडात लोह भरपूर, त्यामुळे जमिनीत लोखंडाचा दुष्काळ कधी नव्हताच, पण जमीन चुनखडीची असली की पीएच आठच्या वर जातो आणि पीएच एक अंकाने वाढला की विरघळलेलं फेरिक हजार पटीने कमी होतं. हजार पटीने! घरात धान्य आहे पण कणगीला कुलूप, अशी उसाची अवस्था.

पानातही हाच प्रकार होतो. लॅबमधे पान सुकवतात, दळतात, ॲसिडमधे उकळतात आणि त्याचं पाणी मशीनला देतात, मशीन त्यातलं सगळं लोह मोजतं, कामाचं पण आणि शिरेत कुठेतरी अडकून पडलेलं पण. म्हणून कधीकधी पिवळ्या पानात हिरव्या पानाएवढंच, काही वेळा जास्तच लोह निघतं. ही गोष्ट आपल्या लोकांनी फार आधी पकडली होती. १९८० मधे कत्याल आणि शर्मा या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी पान जाळायचं-उकळायचं सोडून ताज्या पानाचे तुकडे फेनान्थ्रोलिन नावाच्या रसायनात बुडवून ठेवले, हे रसायन फेरसला धरलं की नारिंगी-लाल होतं, आणि तसं मोजल्यावर हिरवं पान आणि पिवळं पान आकड्यात वेगळं दिसायला लागलं. मला ही पद्धत फार आवडते, साधी आहे आणि प्रश्न बरोबर विचारते. किती लोह आहे यापेक्षा कुठलं लोह आहे हे महत्त्वाचं.

पण यातसुद्धा पान तोडावं लागतं. तोडलेलं पान एका क्षणाचं उत्तर देतं आणि संपतं. सोमवारी फवारणी केली, मंगळवारी लोह आत गेलं का, गुरुवारी परत अडकलं का, हे त्याच पानाला पुन्हा विचारता येत नाही. पान झाडावर असतानाच, जिवंत असतानाच, आतून कोणीतरी खबर देत राहायला पाहिजे. नॅनोसेन्सर म्हणजे हा खबऱ्या, आणि त्याची भाषा म्हणजे चमक.

चमकेचं आधी बोलू. फ्लुरोसन्स, पुस्तकात याला प्रतिदीप्ती म्हणतात पण बोलताना कोणी म्हणत नाही. तुम्ही ती बघितलेली असते. दुकानदार नोट जांभळ्या दिव्याखाली धरतो तेव्हा नोटेवरच्या खुणा चमकतात, गरब्यात तसल्याच लाईटखाली पांढरे शर्ट चमकतात कारण डिटर्जंट पावडरमधे तशी रसायनं असतात, हळद स्पिरिटमधे ढवळून धरली तर हिरवट पिवळी चमकते, बी कॉम्प्लेक्सची गोळी पाण्यात विरघळवून धरली तरी चमकते, ती त्यातल्या बी-टू व्हिटॅमिनची चमक. आत घडतं असं की डोळ्याला न दिसणारा अल्ट्राव्हायोलेट प्रकाश रेणूवर पडतो, रेणूतला एक इलेक्ट्रॉन ती ऊर्जा घेऊन वरच्या पायरीवर चढतो, तिथे थोडी ऊर्जा थरथरण्यात घालवतो आणि उरलेली प्रकाश म्हणून सोडून खाली येतो. थोडी आधीच गेलेली असते म्हणून बाहेर येणारा प्रकाश आत गेलेल्यापेक्षा कमी ताकदीचा, म्हणजे जांभळा गेला तर निळा, हिरवा, पिवळा असा काहीतरी परत येतो. हे सगळं काही नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या हिशोबात. १८५२ मधे जॉर्ज स्टोक्स यांनी हे पहिल्यांदा नीट मांडलं, फ्लुरोसन्स हा शब्दही त्यांचाच, फ्लोराइट नावाच्या खनिजावरून घेतलेला, आणि त्यांनी बारकाईने तपासलेल्या पदार्थांपैकी एक होतं क्विनीन. मलेरियाच्या औषधातलं क्विनीन.

टॉनिक वॉटरला जो कडवटपणा असतो तो याच क्विनीनचा, आणि ते वापरून घरी एक प्रयोग होतो, तो मी आतापर्यंत भाच्यांना, शेजारच्या पोरांना, मामाला, सगळ्यांना दाखवलाय. नोटा तपासायची यूव्ही म्हणजे अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घ्या, ३६५ नॅनोमीटरची मिळाली तर उत्तम, हा आकडा प्रकाशाच्या लहरीची लांबी सांगतो आणि नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग (तिच्यात डोळे घालून बघू नका, पोरांना हातात देऊ नका). दोन ग्लासात टॉनिक वॉटर ओता. खोलीत अंधार करा आणि टॉर्च मारा. दोन्ही ग्लास आतून निळे पेटतात, पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास पुढे वाकतो. आता एका ग्लासात चमचाभर मीठ घालून ढवळा, फेस बसू द्या. त्या ग्लासातला निळा प्रकाश मंद होतो, शेजारचा मात्र तसाच.

क्विनीन कुठे गेलं नाही, तेवढंच आहे. मिठातला क्लोराइड आलाय. क्विनीनचा इलेक्ट्रॉन वर चढून साधारण २० नॅनोसेकंद तिथे थांबतो, तेवढ्या वेळात क्लोराइड येऊन धडकला की ऊर्जा प्रकाशाऐवजी उष्णता होऊन निघून जाते. मीठ जास्त, धडका जास्त, प्रकाश कमी. किती मीठ घातल्यावर किती प्रकाश कमी होतो याचं गणितही सरळ रेषेत बसतं, ओटो स्टर्न आणि माक्स फोल्मर यांनी ते १९१९ मधे लिहून ठेवलंय आणि आजही प्रत्येक सेन्सरवाला तोच ग्राफ काढतो. म्हणजे तुमच्या ग्लासात मीठ मोजायचं यंत्र तयार झालं. थट्टा नाही, क्विनीनच्याच कुळातली रसायनं पेशींमधला क्लोराइड मोजायला खरोखर वापरतात.

आता या यंत्राची खोट बघा. मिठाऐवजी क्लोराइडची भावंडं, ब्रोमाइड किंवा आयोडाइड, टाकलं तरी प्रकाश मंद होतो, उलट जास्तच होतो. ग्लास फक्त एवढं सांगतो की यांच्यापैकी कोणीतरी आलंय. कोण आलंय ते सांगत नाही. माझ्या मते या विषयात ९० टक्के काम इथेच आहे, चमक निर्माण करणं तुलनेने सोपं झालंय, चमकणाऱ्या गोष्टीला माणूस ओळखायला शिकवणं अवघड आहे. पुढे जे काही सांगते त्यात हेच परत परत येईल.

काही पदार्थांच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही कारण ते स्वतः चमकतात. शेंगदाण्यावर, मक्यावर जी बुरशी येते तिचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असतं, १९६० मधे इंग्लंडमधे एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले तेव्हा ते शोधलं गेलं. त्याच्या प्रकारांना बी आणि जी म्हणतात, ते ब्लू आणि ग्रीन, कारण अल्ट्राव्हायोलेटखाली एक निळं चमकतं आणि एक हिरवं. विषाने स्वतःच सही करून ठेवलीय. लोह, झिंक, नायट्रेट, आर्सेनिक यांचं तसं नाही, ते पाण्यात, पानात विरघळलेले असले की गप्प असतात, म्हणून त्यांच्यासाठी दुसऱ्या कोणालातरी चमकायला लावायचं आणि त्यांनी त्याला स्पर्श केला की चमक बदलली पाहिजे अशी व्यवस्था करायची.

मग नॅनो कशाला? साधं क्विनीनसारखं रसायन का नको? एक कारण पृष्ठभागाचं आहे आणि ते आपल्या हिशोबात सांगते. एक सेंटीमीटरचा ठोकळा घ्या, साखरेच्या क्यूबएवढा, त्याच्या सहा बाजू मिळून सहा चौरस सेंटीमीटर. आता तो एकेक नॅनोमीटरच्या ठोकळ्यांत कापला, पदार्थ तेवढाच, पण सगळ्या तुकड्यांच्या बाजू मिळून ६००० चौरस मीटर होतात. म्हणजे जवळपास दीड एकर! साखरेच्या एका क्यूबमधून दीड एकर रान. एवढ्या रानावर येणारा-जाणारा प्रत्येक रेणू टेकतो, आणि कण इतका छोटा की त्याचे बरेचसे अणू पृष्ठभागावरच असतात, त्यामुळे बाहेर कोणी टेकलं की आतली चमक हलते. माणसाचा केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, यावरून एक नॅनोमीटर किती ते लक्षात येईल.

दुसरं म्हणजे या आकाराला आल्यावर पदार्थाचा रंग आकारावर ठरायला लागतो. क्वांटम डॉट म्हणतात ते हेच, एकाच पदार्थाचा छोटा कण निळा चमकतो, थोडा मोठा हिरवा, आणखी मोठा लाल. २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल यासाठीच मिळालं, अलेक्सी एकिमोव्ह, लुई ब्रूस आणि मौंजी बावेंडी या तिघांना. पण चांगले चमकणारे क्वांटम डॉट बरेचदा कॅडमियमचे असतात, आणि कॅडमियम विषारी, शेतात आणि अन्नात ते घेऊन जावं असं मला तरी वाटत नाही.

त्यामुळे कार्बन डॉटबद्दल लोक एवढे उत्साही आहेत. २००४ मधे अमेरिकेत साउथ कॅरोलायनात काही संशोधक कार्बन नॅनोट्यूबची, म्हणजे कार्बनच्या अतिबारीक नळ्यांची, काजळी साफ करत होते, त्यातला जो मळ वेगळा निघाला तो चमकायला लागला. तो कार्बनच्या अतिसूक्ष्म कणांचा होता, दोन वर्षांनी त्याला कार्बन डॉट हे नाव पडलं. आणि हे बनतात कशापासून, तर सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूसत्व आणि युरिया एकत्र तापवून, संत्र्याच्या रसापासूनसुद्धा केलेत. तपकिरी चिकट काहीतरी होतं, पाण्यात विरघळवलं आणि टॉर्च मारली की निळं. (स्वयंपाकघरात करू नका, वाफा चांगल्या नसतात.) त्यांच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनवाले हातच हात असतात आणि फेरिक लोह त्या हातांना घट्ट धरतं, धरलं की इलेक्ट्रॉनची ऊर्जा तिकडे वळते आणि चमक विझते.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी हेच केलं होतं. शुद्ध पाण्यात थेंबाथेंबाने फेरिक वाढवत गेले, चमक एकसारखी कमी होत गेली, ग्राफ इतका सरळ आला की मी तो घरी नेऊन दाखवला. मग खऱ्या मातीचं पाणी घेतलं. त्यात लोह अगदी थोडं होतं, दुसऱ्या पद्धतीने मोजलेलं होतं, तरी चमक धाडकन पडली. दोन आठवडे मला कळेना की हे काय चाललंय. कारण असं निघालं की मातीचं पाणी तपकिरी असतं, आणि त्या तपकिरी रंगाने माझ्या दिव्याचा प्रकाश कार्बन डॉटपर्यंत पोचायच्या आधीच पिऊन टाकला. कण विझलेच नव्हते, त्यांना उजेडच मिळाला नव्हता. शुद्ध पाण्यातल्या सुंदर ग्राफमधेही हाच प्रकार थोडाफार होता कारण फेरिकचं द्रावण स्वतःच पिवळं असतं आणि अल्ट्राव्हायोलेट पितं.

ही गोष्ट एवढी लांबवून सांगतेय कारण 'कार्बन डॉटने लोह ओळखलं' असे पेपर ढिगाने आहेत आणि बातम्यांमधे त्यातला सगळ्यात छोटा आकडा छापला जातो, एवढ्या पीपीबीपर्यंत (अब्जात एक भाग म्हणजे एक पीपीबी) ओळखतो म्हणून. तो आकडा शुद्ध पाण्यातला असेल तर त्याचा शेतकऱ्याला काही उपयोग नाही. अशी बातमी वाचली की तीन गोष्टी विचारायच्या, कशात मोजलं, तांबं-पारा शेजारी ठेवले होते का (ते दोघंही कार्बन डॉट विझवतात), आणि नमुन्याच्या स्वतःच्या रंगाचा हिशोब केला का.

विझणाऱ्या सेन्सरमधे आणखी एक अडचण आहे. प्रकाश कमी झाला म्हणजे पाहुणा, म्हणजे ज्याला ओळखायचंय तो पदार्थ, आलाच असं नाही, टॉर्चचा सेल उतरला असेल, कण एका बाजूला गोळा झाले असतील, पान जाड असेल. यावर चांगला उपाय म्हणजे दोन चमका ठेवायच्या, एक पाहुण्यामुळे बदलणारी आणि एक न बदलणारी, आणि दोघींचं गुणोत्तर बघायचं. टॉर्च मंद झाली तर दोन्ही सारख्याच मंद होतील, गुणोत्तर तेच राहील. तराजूत दोन्ही पारड्यांवर पाऊस पडला तरी काटा हलत नाही, तसं. १९८५ मधे रॉजर त्सिएन आणि सहकाऱ्यांनी पेशीतला कॅल्शियम मोजायला फ्युरा-टू नावाचं रसायन आणलं, त्यात हाच विचार होता, एकाच रसायनावर दोन वेगळ्या रंगांचे प्रकाश आळीपाळीने टाकायचे आणि त्यांच्या उत्तरांचा भागाकार करायचा. कुठल्याही सेन्सरमधे हे गुणोत्तर दिसलं की माझा त्याच्यावरचा विश्वास वाढतो.

आता पानात शिरू. पानात सगळ्यात मोठी पंचाईत म्हणजे पान स्वतःच चमकतं. क्लोरोफिलवर प्रकाश पडला की ते लालसर प्रकाश परत सोडतं, साधारण ६८० ते ७४० नॅनोमीटरला, म्हणजे निळा, हिरवा, लाल चमकणारा सेन्सर पानात ठेवला तर तो भर बाजारात हळू आवाजात बोलल्यासारखा. त्याला पानाच्या आवाजापलीकडे बोलता आलं पाहिजे, जिथे पान गप्प आहे तिथे. नॅनोट्यूब तिथे बोलते. कार्बनच्या अणूंची एकच थराची जाळी गुंडाळून केलेली नळी, जाडी एक नॅनोमीटरच्या आसपास, लांबी त्याच्या शेकडो पट. २००२ मधे अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात दिसलं की या नळ्या एकेकट्या सुट्या ठेवल्या तर चमकतात, आणि तेही ९०० नॅनोमीटरच्या पुढे, निअर इन्फ्रारेडमधे, डोळ्याला न दिसणाऱ्या आणि क्लोरोफिलच्या चमकेपासून लांबच्या पट्ट्यात. शिवाय नळी एका थराची असल्यामुळे तिचा प्रत्येक अणू पृष्ठभागावर, आणि तासन् तास प्रकाश मारला तरी ती साध्या रंगांसारखी फिकी पडत नाही.

मग ओळखायचं कसं? इथे मायकेल स्ट्रॅनो यांच्या अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या गटाने जे केलं ते मला या सगळ्यात सगळ्यात बुद्धीचं काम वाटतं. काठीला सुतळी गुंडाळावी तशी नळीला पॉलिमरची, म्हणजे छोटे रेणू जोडून झालेली, लांब साखळी गुंडाळायची. वेढ्यांच्या मधे खाचा राहतात, आणि साखळी बदलली, तिच्यावरचा विद्युतभार बदलला की खाचांचा घाट बदलतो. एखाद्या घाटात नेमका एकच रेणू नीट बसतो, बसला की नळीची चमक वाढते किंवा घटते किंवा रंग सरकतो. कोणती साखळी कोणाला ओळखेल हे आधी कागदावर काढणं अवघड असतं, म्हणून वेगवेगळ्या साखळ्या करून एकेक रेणू समोर ठेवून बघत बसतात. वधूवर सूचक मंडळासारखं काम, पण जुळलं की पक्कं जुळतं.

२०१६ मधे त्यांनी पालकाच्या पानात हे घातलं. सुई नसलेली सिरिंज पानाच्या खालच्या बाजूला टेकवून हळू दाबली की द्रावण पर्णरंध्रांतून आत जातं. मातीतल्या पाण्यात पिक्रिक ॲसिड, म्हणजे स्फोटकांच्या जातीचं रसायन, टाकलं, मुळांनी ते ओढलं आणि दहाएक मिनिटांत पानातली चमक कमी झाली, जवळच्या कॅमेऱ्याने बघितलं, रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटरने ईमेल पाठवला. बातम्यांनी पालक ईमेल करतो असा मथळा केला, पण मला त्यात महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट, त्याच पानात दुसऱ्या ठिकाणी एक न बदलणारी नॅनोट्यूब पण होती, तुलनेला. तेच गुणोत्तर. आणि झाड नुसतं भांडं नव्हतं, पंप होतं, जमिनीतलं पाणी शोषून सेन्सरपर्यंत आणून देत होतं.

२०२० मधे याच विचाराने आर्सेनिक पकडलं. त्या कामात सिंगापूरमधला एमआयटीचा संशोधन गट होता, आणि झाडं होती भात, पालक आणि आर्सेनिक साठवणारं एक नेचं. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची डब्ल्यूएचओची मर्यादा १० पीपीबी आहे. हे किती, तर दुष्काळात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर घ्या, त्यात १०० मिलिग्रॅम, अर्ध्या चिमटीपेक्षा कमी. त्या प्रयोगात सात दिवसांत ०.६ पीपीबी आणि चौदा दिवसांत ०.२ पीपीबीपर्यंतचं आर्सेनिक कळलं. जास्त दिवस थांबलं की जास्त बारीक का कळतं, कारण झाड रोज थोडं थोडं ओढून पानात साठवत जातं. बंगाल-बिहारकडे भूजलात आर्सेनिक आहे आणि तेच पाणी भाताला जातं, तिथे याचा अर्थ वेगळा सांगायची गरज नाही.

आणि २०२५ च्या सुरुवातीला सिंगापूरच्या त्याच केंद्रातून आलं ते लोहाचं काम, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. ऋणभार असलेला पॉलिमर नॅनोट्यूबला पिळासारखा गुंडाळला, आणि त्या वेढ्यांशी फेरस एका तऱ्हेने वागतं, फेरिक दुसऱ्या तऱ्हेने, दोघांचे सिग्नल वेगळे. पालक आणि पाक चोय या भाजीच्या जिवंत पानांत त्यांनी फेरस वेगळं आणि फेरिक वेगळं बघितलं, पान न तोडता. कत्याल-शर्मांनी फेनान्थ्रोलिनला जो प्रश्न विचारला होता तोच प्रश्न, पण आता उत्तर चालू राहतं, आणि पानात कुठे ते पण दिसतं. हे वाचलं त्या रात्री मी मामाला फोन केला.

उसापर्यंत यायला मधे बरंच आहे आणि ते मी मामालाही सांगितलं. पालक, सोयाबीन, भुईमूग अशी झाडं मुळाजवळ फेरिकचं फेरस करून घेतात आणि मग आत ओढतात. ऊस, ज्वारी, मका ही गवताच्या कुळातली, ती मुळातून एक रसायन सोडतात, ते फेरिकला पकडतं आणि झाड त्या जोडीला तसंच आत घेतं. त्यामुळे पालकातलं फेरस-फेरिकचं गुणोत्तर बघून उसाबद्दल बोलता येत नाही, उसासाठी पहिल्यापासून आकडे काढावे लागतील. उसाचं पान टणक असतं, सिरिंज दाबून द्रावण आत घालणं पालकाइतकं सोपं नाही. निअर इन्फ्रारेडमधे लांबपर्यंत बघणारे कॅमेरे अजून महाग आहेत, साधा मोबाईल कॅमेरा तिथे पोचत नाही. आणि नॅनोट्यूब घातलेलं पान खायचं नाही, जनावराला घालायचं नाही, हे पाळावंच लागेल. पण शेतातल्या प्रत्येक झाडात घालायची गरज पण नाही, एकरात पाच-सहा पहारेकरी झाडं ठेवली, त्यांना खूण केली, तरी त्या रानाचं कळेल. भातात आर्सेनिकचं जमलंय म्हणजे गवताच्या कुळातल्या पानात ही गोष्ट बसते एवढं तरी नक्की, म्हणून मला आशा आहे आणि ती आशा मी लपवत नाही.

मामाने सगळं ऐकून घेतलं. केवड्याला तो हिराकस फवारतो, म्हणजे फेरस सल्फेट, आणि थोडं शेणखतात मुरवून जमिनीतून देतो. हिराकसचं ताजं पाणी फिकं हिरवं असतं, पण सकाळी केलेलं पाणी उरलं तर दुपारपर्यंत तांबूस होतं आणि मग त्याचा पिकाला गुण येत नाही, हे त्याला माझ्या आधीपासून माहीत आहे, त्यासाठीच तो त्यात लिंबूसत्व घालतो. हवेतल्या ऑक्सिजनने फेरसचं फेरिक होताना तो इतकी वर्षं पंपात बघतच होता.

थोडा वेळ गप्प राहून त्याने विचारलं, "म्हंजे फवारलेलं आत गेल्यावर हिरवं राहतंय का तांबडं पडतंय, ते पान न तोडता दिसंल?"

"हो मामा, तेच दिसेल."

"आणि किती दिवसांनी तांबडं पडतंय ते पण?"

"ते पण."

"मग दुसरी फवारणी कधी घ्यायची ते मला कुणाला विचारायला लागायचं नाही," मामा म्हणाला.